दुखायचं थांबलं म्हणून आले नाहीत

2020 च्या एप्रिलमध्ये एक मेसेज फिरत होता. दवाखाने ओस पडलेत, हार्ट अटॅक नाहीत, अपेंडिक्स नाहीत. म्हणजे इतकी वर्षं डॉक्टर लोक उगाच घाबरवून पैसे काढत होते. घरचं खा, घरात बसा, आजार आपोआप पळतात. मला तो ग्रुपांवर आलाच, शिवाय मामेभावाने खाली हसरा चेहरा टाकून वेगळा पाठवला. त्याला मी उत्तर दिलं नाही. दुपारी एका पोटातून पू काढून आले होते आणि त्याचं वर्णन संध्याकाळच्या चहाला कोणी मागवत नाही.

मी जनरल सर्जन आहे. फलटणला आमचं छोटं हॉस्पिटल आहे. ऑपरेशन मी करते, भूल नवरा देतो. नवीन पेशंट अजूनही मला पाहून "सर कधी येणार?" विचारतात, आणि सर तेव्हा मागच्या खोलीत ऑक्सिजनची सिलिंडरं मोजत असतात. अपेंडिक्स हे आमच्यासारख्या हॉस्पिटलचं रोजचं काम. त्यामुळे ती कमी झाली की बदलली, हे कळायला मला कुठल्या मेसेजची गरज नव्हती. कमी झाली नव्हती. साधी अपेंडिक्स घरात बसली होती आणि फुटलेली आमच्याकडे येत होती.

हे नेमकं काय होतं ते आधी सांगते. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक बंद नळी लोंबत असते. तिचं तोंड कडक विष्ठेच्या खड्याने किंवा सुजेने बुजलं की आत दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो, भिंत सडते आणि शेवटी भोक पडतं. पण पहिलं दुखणं बहुधा उजवीकडे नसतं. ते बेंबीभोवती सुरू होतं आणि अगदी गॅससारखं वाटतं. गॅसवर तर आपल्याकडे घराघरात औषध आहे. ओवा चावायला देतात, बेंबीवर हिंग लावतात, शेक देतात. इथवर फार बिघडत नाही, फक्त वेळ जातो. पण कोणीतरी जाणतं माणूस "पोट साफ झालं की बरं वाटेल" म्हणून एरंडेल पाजतं, तेव्हा मला खरंच राग येतो. सुजलेल्या अपेंडिक्सला जुलाबाचं औषध दिलं तर ते फुटायचा धोका वाढतो. काही तासांनी दुखणं उजव्या कुशीत खाली उतरतं, जेवण नको होतं, उलटी होते, बारीक ताप येतो. पहिल्या 24 तासांत फुटण्याचं प्रमाण कमी असतं. 36 तासांच्या पुढे ते चढत जातं.

1886 मध्ये बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी हे दुखणं मुळात अपेंडिक्सचं असतं आणि लवकर पोट उघडून ते काढायला हवं, असं मांडलं. तेव्हापासून सर्जन होणाऱ्या प्रत्येकाला एकच शिकवतात: लवकर.

आमच्या भागात हे 'लवकर' घडवून आणतो तो खेड्यातला डॉक्टर. कोणी बीएएमएस, कोणी बीएचएमएस. तो पेशंटला टेबलावर झोपवतो, पोटावर हात ठेवतो, उजवीकडे खाली दाबतो, पटकन हात उचलतो. पेशंट कळवळला की म्हणतो, "हे गॅसचं नाही. आत्ताच्या आत्ता फलटणला जा." त्याच्याकडे सोनोग्राफी नसते, लॅब नसते, पण हा हात असतो. 25 मार्चला देश बंद झाला तेव्हा यांतले बरेच दवाखानेही बंद झाले. मी त्यांना दोष देत नाही. पीपीई किट आम्हालाच मिळत नव्हतं, तर दहा बाय दहाच्या खोलीत बसणाऱ्याला कुठून मिळणार? कोणी रेनकोट घालून बसले, कोणी फोनवर औषधं सांगू लागले. फोनवर बोलता येतं, पण पोट दाबता येत नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही पाहिलेल्या निम्म्या गुंतागुंतींचं मूळ माझ्या मते इथे आहे. विषाणूचा क्रमांक त्यानंतर.

त्यातला एक मुलगा सांगते. दहा-अकरा वर्षांचा, बीडकडचा, आई-बाप ऊसतोडीला आलेले. गाळप संपलं होतं आणि ही सगळी माणसं कोप्यांमध्ये, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, अडकून पडली होती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सरकारने त्यांना गावी जायची परवानगी दिली, पण आधी तपासणी. ताप असला की मागे राहायचं. त्याच दिवसांत पोराचं पोट दुखू लागलं. आईने हिंग लावला. मुकादमाने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, त्यांत तापाचीही. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या काठ्या, हॉस्पिटलात गेलं की चौदा दिवस कोंडतात अशी बोलवा, आणि यादीतून नाव गेलं तर घर कधी दिसेल याची खात्री नाही. मग एका रात्री दुखणं थांबलं.

हे थांबणं ओळखावं लागतं. नळीत कोंडलेला दाब भोक पडल्यावर मोकळा होतो, म्हणून तासभर, कधी रात्रभर बरं वाटतं. मग पू पोटभर पसरतो. मोठ्या माणसात ओमेंटम नावाचा चरबीचा पदर येऊन त्या जागेला गुंडाळतो, सगळी घाण एका कोपऱ्यात अडवतो. लहान मुलांत हा पदर आखूड असतो. अडवायला कोणी नसतं.

टेम्पोतून आणलं तेव्हा पोरगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, ओठ कोरडे, नाडी पळत होती. पोट फुगलेलं आणि ताठ. हात लावू देईना. आई म्हणाली, "राती दुखायचं राहिलं व्हतं मॅडम. झोपलं व्हतं लेकरू. आमाला वाटलं गेलं."

कोविडचा स्वॅब पुण्याला जाणार, रिपोर्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणार. तोवर थांबायची सोय नव्हती. तो पॉझिटिव्हच आहे असं धरून आम्ही आत गेलो. लहान मूल, त्यामुळे पूर्ण भूल, म्हणजे घशात नळी, म्हणजे नवऱ्याचं तोंड पोराच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्यासाठी गावातल्या नंबरप्लेट बनवणाऱ्याकडून त्याने अॅक्रिलिकची एक पेटी करून घेतली होती, हात घालायला दोन भोकं असलेली. एसी बंद. बाहेर फलटणचा उन्हाळा, अंगावर प्लास्टिकचं किट, हातमोज्यांत घाम साचून बोटं सुरकुतलेली. चष्म्यावर वाफ येऊ नये म्हणून मास्कच्या वरच्या कडेला मायक्रोपोरचा चिकट टेप लावला होता. पंधरा मिनिटं टिकला.

पोट उघडलं तसा पू वर आला. आतडी एकमेकांना चिकटलेली, त्यांवर पिवळे पापुद्रे. अपेंडिक्स काळं पडलेलं, बुडाशी भोक. ते काढणं अवघड नव्हतं. अवघड होता तो खडा. बुडाशी भोक आणि आत खडा नाही, म्हणजे तो पुवात कुठेतरी निसटलेला. तसाच राहिला तर त्याच्याभोवती पुन्हा गळू होतं आणि पुन्हा पोट उघडावं लागतं. वाफाळलेल्या काचेतून मला दिसत नव्हतं, म्हणून मी डोळे जवळजवळ मिटूनच बोटांनी शोधत होते. यकृताखाली नाही, आतड्यांच्या मध्ये नाही. शेवटी खाली ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे लागला. हरभऱ्याएवढा. सिस्टरने तो वाटीत टाकला तेव्हा टण् असा आवाज आला आणि किटच्या आतून नवरा काहीतरी म्हणाला, जे कोणालाच ऐकू आलं नाही. मग कोमट सलाइनने पोट धूत राहिलो, परत येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. उरलेला पू बाहेर यायला नळी, म्हणजे ड्रेन, ठेवला, कातडी उघडीच सोडली. अशा पोटावर टाके घालून जखम बंद केली की ती पिकायचा धोका जास्त.

त्यानंतरचे दिवस ऑपरेशनपेक्षा लांब असतात. पुवात भिजलेली आतडी संपावर जातात. नाकातून नळी, तोंडाने काही नाही, आणि सगळं हॉस्पिटल एकाच बातमीची वाट बघतं: वारा सरला का? आई लाजून उत्तर देईना. आमच्या मावशींनी तिला सरळ शब्दांत विचारलं आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात "पादला!" म्हणून कळवलं. पुढे पाचव्या दिवशी पुन्हा ताप चढला. एरवी या तापाचा एकच अर्थ असतो, कुठेतरी पू राहिलाय. त्या वर्षी स्टाफमध्ये प्रत्येकाच्या मनात दुसराच अर्थ आला. स्वॅब निगेटिव्ह येऊन पडला होता, तरी खोलीत जाताना आमचे वॉर्डबॉय मामा दारात घुटमळायचे. मी गुदद्वारातून बोट घालून तपासलं, ओटीपोटात फुगवटा लागला, सोनोग्राफीत थोडा पू दिसला. अँटिबायोटिक बदलल्यावर तो हळूहळू जिरला.

कोप्यांतली माणसं तोवर गाड्यांमधून गावी गेली होती. बापही धाकट्यांना घेऊन गेला. आई आणि हा पोरगा मागे राहिले. मुकादमाचा फोन यायचा, "कधी सोडताय?" नंतर दोघं भाजीच्या परतीच्या गाडीतून गेली, नाक्यानाक्यावर दाखवायला माझ्या लेटरहेडवरचं पत्र आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन. जखम तेव्हा अजून भरत होती. ड्रेसिंग कसं करायचं ते आईने आमच्या सिस्टरांकडून शिकून घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर काही इंटर्न्सपेक्षा बरं करत होती.

दरम्यान आमच्या शास्त्रातही उलथापालथ चालली होती. इंग्लंडमधल्या सर्जनांच्या संघटनांनी मार्चमध्येच कळवलं होतं की शक्यतो दुर्बिणीने ऑपरेशन टाळा. पोटात भरलेला वायू बाहेर पडताना विषाणू उडवील अशी भीती होती. जमेल तिथे अपेंडिक्सला अँटिबायोटिकवरच ठेवा, असंही होतं. आम्ही दुर्बिणीचा टॉवर झाकून ठेवला आणि पुन्हा जुन्या पद्धतीने पोटावर चीर देण्याकडे वळलो. मेअखेरीस 'लॅन्सेट'मध्ये 24 देशांतल्या 1128 पेशंटचा अभ्यास आला: ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेल्यांपैकी 23.8 टक्के महिन्याभरात गेले. सत्तरीपुढचे, आधीच आजारी, कॅन्सरचे, तातडीने घेतलेले, यांत धोका जास्त होता. आपला तरुण अपेंडिक्सवाला त्यात बसत नाही, हे मला कळत होतं. तरी तो आकडा जेवणाच्या टेबलावर बसून राहायचा.

याच काळात पतसंस्थेतले एक कारकून आले. चाळिशीचे, अतिशय नेटके, दुखण्याच्या वेळा कागदावर लिहून आणलेल्या. पहिल्या दिवशी फोनवर मला औषध विचारत होते. मी म्हटलं, औषध नंतर, आधी पोट घेऊन या. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं होतं, पण फुटलेलं नव्हतं, खडा नव्हता. त्यांना शिरेतून अँटिबायोटिक दिलं. दर काही तासांनी जाऊन पोट दाबून बघितलं. दुसऱ्या दिवशी भूक लागली, मग घरी सोडलं. ऑपरेशन न करता अपेंडिक्सचा पेशंट बरा होऊन घरी जातोय, हे माझ्या शिक्षणाच्या इतकं विरुद्ध होतं की मी त्यांना निघताना जरा संशयानेच बघितलं.

पॉझिटिव्ह पेशंटचं अपेंडिक्सही आलं, सप्टेंबरमध्ये, जेव्हा महाराष्ट्रात रोज वीस हजारांवर केसेस निघत होत्या. मोठा माणूस होता म्हणून पाठीत भूल दिली, घशात नळी घालावी लागली नाही. अपेंडिक्स फुटलेलं नव्हतं, लवकर आला होता. त्याचं सगळं सुरळीत झालं, म्हणून त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघंही आजारी पडलो. श्वासाला काही झालं नाही, पण माझा वास गेला. कामावर परतल्यावर एक फुटलेलं पोट उघडलं आणि मला काहीच आलं नाही. हे बाहेरच्या माणसाला भाग्य वाटेल. पण पुवाचा वास आम्हाला बोलतो. आतड्यातले ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू असले की तो असा घाणेरडा येतो की बाहेर बसलेल्या नातेवाइकांना कळतं, आणि त्यावरून औषधं ठरतात. मी सिस्टरना विचारलं, "वास येतोय का?" त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला येत नाहीये?" पुढचे काही आठवडे मी त्यांच्या नाकाने ऑपरेशन केलं.

दुसरी लाट ओसरत असताना, जूनमध्ये, एक आठ वर्षांची मुलगी 'अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी' अशी चिठ्ठी घेऊन आली. चार दिवस ताप, उलट्या, उजवीकडे खाली दुखणं. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी, सुजलेल्या गाठी, लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड. अपेंडिक्स नीट दिसलं नव्हतं. सगळं जुळत होतं. मी पोट दाबलं आणि ते जुळेना. मुलगी रडत होती, पण पोट मऊ होतं, आणि दुखणं माझ्या बोटाखाली एका जागी थांबत नव्हतं. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ फुटून लालभडक. नवरा भूल द्यायच्या आधी तपासायला आला, बीपी मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "या पोटाच्या मानाने बीपी फारच कमी आहे. मी हिला हात लावणार नाही."

गावातल्या बालरोगतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी पोटाबद्दल काही विचारलंच नाही. आजीकडे वळून म्हणाले, "घरात कोविड कधी झाला होता, आजी?" महिना झाला होता, मुलीला तेव्हा एक दिवस कणकण आली होती, एवढंच. रक्तात शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी भरमसाट वाढलेला, प्लेटलेट कमी, अँटिबॉडी पॉझिटिव्ह. हा एमआयएस-सी. कोविड होऊन गेल्यावर, बहुधा दोन ते सहा आठवड्यांनी, मुलाच्या शरीराचीच संरक्षणयंत्रणा अंगभर पेटते. 2020 च्या एप्रिलअखेरीस लंडनकडच्या डॉक्टरांनी पहिला इशारा दिला होता, आणि त्या मुलांतही पोटदुखी ठळक होती. यात हृदय अशक्त होतं. अशा मुलाला अपेंडिक्स समजून भूल दिली तर टेबलावरच काहीही होऊ शकतं. तिला 108 मधून पुण्याला पाठवलं. तिथे इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड मिळाली, आठवड्याभरात ताप उतरला. अपेंडिक्स तिच्याजवळच आहे आणि ठणठणीत आहे.

आता दुर्बीण पुन्हा चालू आहे, ती अॅक्रिलिकची पेटी गच्चीवर नवऱ्याच्या पुदिन्यावर झाकण म्हणून वापरात आहे. एक गोष्ट मात्र बदलली ती बदललीच. अमेरिकेत कोविडच्या आधीच सुरू झालेला कोडा नावाचा मोठा अभ्यास ऑक्टोबर 2020 मध्ये छापून आला, 1552 पेशंटचा. अँटिबायोटिकवर ठेवलेल्यांपैकी 29 टक्क्यांना तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन लागलं. खडा असलेल्यांत 41 टक्क्यांना. म्हणजे दहातले सात तेवढ्या काळापुरते तरी सुटले. नवरा म्हणतो, हे आकडे बघून पेशंटला निवड द्यायला हवी. मी देते, पण अटी माझ्या. खडा दिसला तर ऑपरेशन. लहान मूल, गरोदर बाई किंवा वस्तीपासून तासाभराच्या आत सर्जन नसलेला माणूस असेल तर ऑपरेशन. बाकीच्यांना दोन्ही बाजू सांगते आणि दर काही तासांनी पोट दाबायला स्वतः जाते.

पतसंस्थेतल्या कारकुनांचं अपेंडिक्स अजून आत आहे. वर्षातून एकदा तरी त्यांचा मेसेज येतो. यंदा गणपतीत आला, सोबत पोटाचा फोटो, दुखऱ्या जागी पेनाने गोल करून. "फोटो नको, स्वतः या," असं मी लिहिलं. अर्ध्या तासात आले, झोपवलं, दाबलं. मोदक जास्त झाले होते.